शंभर मोज

आलापल्ली, रविवार, २ डिसेंबर १९५६

प्रिय नूर,

हे पत्र वाचून झालं की भट्टीत टाक. उत्तर पाठवशील ते फक्त 'शाळा तपासनीस, आलापल्ली' एवढ्याच पत्त्यावर पाठव. घरी पाठवू नकोस. वच्छलेला पाकीट हातात धरूनच आत काय आहे ते कळतं, आणि ही बाई माझी बायको आहे हे माझं दुर्दैव.

मी मोटार घेतोय.

हसू नकोस. चौथीत असताना आपण साहेबाच्या गाडीमागे जटपुरा दरवाज्यापर्यंत धूळ खात धावायचो. तू तेव्हा म्हणायचास, मी गाडी उघडून पाहीन. मी म्हणायचो, मी चालवीन. तू मिस्तरी झालास. मी मास्तर झालो, वीस वर्षं अकोल्याकडे खडू उगाळला, आणि जूनमध्ये बदली होऊन परत आपल्या जिल्ह्यात आलो तो बैलबंडीत बसायला. एका शाळेला जायचं तर एक दिवस बंडीत, परतायला दुसरा दिवस. कंबर गेली. चालवायला मात्र मी अकोल्यात शिकलोय, एका डॉक्टरच्या गाडीवर, हे वच्छलेलाही ठाऊक नाही.

गाडी एटापल्लीच्या एका गोठ्यात उभी आहे. मालकाचं नाव आणि गाडीचा मेक लिहीत नाही, नाहीतर चांद्याचे सगळे मोटारवाले शनिवारच्या आत तिथे हजर होतील. अमेरिकन आहे, एकोणतीसची, निळा रंग, कापडी हुड, लाकडी आरे. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. गाडी सुरू करायचं हँडल गावच्या लोहाराने केलेलं आहे, मूळचं कुठे हरवलं मालकाला माहीत नाही. येत्या शनिवारी लाकडाच्या ट्रकने जाऊन रविवारी चालवून पाहणार आहे. काय काय तपासू ते लिही, आणि टपालाच्या गाडीबरोबर चार चांगले प्लग पाठव.

तुझा,
गुणवंत


चांदा, बुधवार, ५ डिसेंबर

गुणवंता, सलाम.

पत्र भट्टीत टाकलं नाही. माझ्याकडे भट्टी नाही, स्टोव्ह आहे. खिशात ठेवलंय.

थंडीत गाडी एकदम उठणार नाही. रेडिएटरमध्ये कढत पाणी ओत, मग हँडल मार. अंगठा हँडलच्या वरून धरू नको, खालूनच ठेव. उलटा झटका बसला तर मनगट जाईल. सुरू झाली की स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लाव. आत कुणी दळत असल्यासारखा आवाज आला तर घेऊ नको. धूर निळा असला तरी घेऊ नको. बॉनेट उघडून आत काय दिसतं ते सगळं लिही.

प्लग सहा पाठवतोय. चार तुझे. दोन मेलेले आहेत, ते बाबाचे. एटापल्लीच्या रस्त्यावर एका चढावर कुठला तरी बाबा आहे, त्याला मोटारीची एखादी वस्तू ठेवल्याशिवाय ड्रायव्हर लोक पुढे जात नाहीत. पाच-सहा वर्षं झाली, तिकडे जाणारा प्रत्येक जण माझ्या भंगाराच्या डब्यातून एक जुना प्लग उचलून नेतो. मी हसतो आणि देतो. तूही ठेव, तुझं काय जातं.

आता एक काम. तुला बाबूभाई आठवतो? माझा धाकटा. आपण चौथीत होतो तेव्हा माझ्या कडेवर बसून शाळेत यायचा. मोठा झाल्यावर मीच त्याला गाडी शिकवली. एका लाकडाच्या ठेकेदाराकडे तो ड्रायव्हर होता. एकोणपन्नासच्या जानेवारीत ठेकेदाराला घेऊन जंगलात गेला. आठ दिवसांनी ठेकेदार एकटाच परत आला. म्हणाला, तुमचा पोरगा मजुरांच्या पगाराची पेटी घेऊन बस्तरकडे पळाला. पोलीस घरी आले, अम्मीची ट्रंक उपसली. पुढे सगळे थंड झाले, पण मोहल्ल्यात नाव राहिलं ते राहिलं. चोराचं घर.

अम्मी आजही रात्री दाराला कडी लावत नाही. हिवाळा आला की तिकडे जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारते, बाबू दिसला का. तूही कुठे विचार. उत्तर मिळणार नाही हे मला माहीत आहे. पण तिला सांगता येईल की गुणवंतालाही सांगितलंय.

नूर मोहम्मद


आलापल्ली, सोमवार, १० डिसेंबर

प्रिय नूर,

चालवली!

निघताना वच्छला म्हणाली, "रविवारी कोणती शाळा तपासता?" मी म्हटलं, आश्रमशाळा, तिथे पोरं तिथेच राहतात. तिची लोकरी शाल मी उचलली, आणि ते तिने पाहिलं.

माझा चपराशी लटारू बरोबर होता. रविवारी पहाटे गोठ्यातून कोंबडी हाकलली, मालकाच्या घरून कढत पाणी आणून ओतलं, आणि तू सांगितलंस तसा अंगठा खाली ठेवून हँडल मारलं. चार वेळा नुसती उचकी. पाचव्यांदा उठली. नूर, असा आवाज! दळत नाही, निळा धूर नाही. बॉनेटखाली सगळं जुनं पण नेटकं आहे. इंजिनाशेजारी पेट्रोलची एक छोटी टाकी आहे, तिला विड्याच्या पानाच्या आकाराचं पितळी ठिगळ डाखलेलं आहे. कुणी केलंय त्याचा हात चांगला होता.

मग निघालो. समोरच्या काचेवर दव धरत होतं म्हणून काच पाडली, आणि वारा थेट दातांत शिरला. हातमोजे नव्हते, पायातले मोजे काढून हातात घातले. दोन्ही बाजूंना सागवान, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच. नाल्यावर धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. मी मोठमोठ्याने गात होतो.

वाटेत एका टोल्याजवळ, म्हणजे छोट्या पाड्याजवळ, माडिया लोक शेकोटीभोवती बसले होते. गाडी पाहून सगळे उभे राहिले. पोरंसुद्धा मागे धावली नाहीत. बायांनी तोंडावर पदर घेतले. लटारू म्हणाला, "थे लोक गाडीले ओळखतेत, साहेब." मी म्हटलं, हिला दोनदा रंग दिलाय, हिची आईसुद्धा ओळखणार नाही. लटारू हसला नाही.

पुढे तो चढ. अर्ध्यावर वळणाशी तुझा बाबा आहे. छातीइतका उंच ढीग, दगडांचा आणि वाळक्या फांद्यांचा. वर प्लग, नट, फुटके बल्ब, भोंग्याचं रबर. अगदी मधोमध एक गंजलेलं मोटारीचं हँडल उभं रोवलंय, त्याला लाल चिंधी बांधलीय. नेमकी तिथेच गाडी गुदमरायला लागली. मी ब्रेक धरून बसलो, लटारू प्लग ठेवायला उतरला. इंजिन आता बंद पडतं की मग असं झालं होतं. पण मीही काही कच्चा नाही. पाय उचलला, इंजिन हळू चालू दिलं, शंभर मोजले, आणि मग मारली. सरळ वर! सांग, तुझ्या दुकानात आहे असा कुणी?

पुढे आलापल्लीच्या अलीकडून परत फिरलो आणि गाडी मालकाच्या हवाली केली. येताना ढिगाशी थांबलो नाही, उशीर झाला होता.

बाबूचं कुणाला विचारायचं राहून गेलं, माफ कर. गाडीच्या नादात डोक्यातून गेलं. पुढच्या वेळी नक्की. आता एवढं सांग: घेऊ ना?

गुणवंत


चांदा, गुरुवार, १३ डिसेंबर

गुणवंता,

घेऊ नको, असं म्हणत नाही. घे, असंही म्हणत नाही. आधी उत्तरं दे.

ठिगळाच्या पानाचं देठ कुठल्या बाजूला आहे? पूर्ण आहे की तुटलेलं? निळ्या रंगाखाली कुठला रंग आहे? मालकाने गाडी कुणाकडून घेतली, आणि कधी? ढिगावरच्या हँडलच्या मुठीला दोन खाचा आहेत का?

आणि शंभर मोजायचं तुला कुणी सांगितलं?

लगेच लिही.

नूर मोहम्मद


आलापल्ली, रविवार, १६ डिसेंबर

नूर,

तुझं पत्र वाचून खरं सांगतो, वाईट वाटलं. ना ख्यालीखुशाली, ना नीट उत्तर, नुसती फौजदारासारखी चौकशी. मला वाटतं, गाडी चांगली आहे हे तुला कळलंय आणि आता तुझ्याच मनात ती भरलीय. तसं असेल तर उघड सांग. मी नाराज होईन, पण दोस्ती तोडणार नाही.

तरी उत्तरं देतो. काल मुद्दाम पुन्हा गेलो होतो. वच्छलेला सांगितलं, आश्रमशाळेत पोरांना गोवर निघालाय. देठ डाव्या हाताला, टोकाशी तुटलेलं. निळ्याखाली हिरवा रंग, मी स्वतः नखाने खरवडून पाहिला. मालक म्हणजे बापूजी, भाताची गिरणी आहे त्यांची. त्यांनी एकोणपन्नासच्या पावसाळ्यात एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतली. ठेकेदाराला ती कशीही करून डोळ्यांपुढून घालवायची होती, म्हणाले. हँडलच्या मुठीला दोन खाचा आहेत.

आणि शंभर मोजायचं मला कुणी कशाला सांगायला हवं? डोकं आहे मला.

गुणवंत


चांदा, बुधवार, १९ डिसेंबर

गुणवंता,

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकतोय. ऑफिसात नाताळची सुट्टी लागली तर तुला आठ दिवस मिळणार नाही, आणि मला आठ दिवस थांबवत नाही. वहिनींना कळलं तर कळू दे.

ठिगळ माझं आहे. देठ डाखताना माझा हात हलला म्हणून तुटलं. खाचा बाबूने केल्या होत्या, अंधारात हात बरोबर बसावा म्हणून. गाडी हिरवी होती. ती ठेकेदाराची आहे, गुणवंता. त्याच गाडीत बाबू गेला.

ठेकेदाराने आम्हाला सांगितलं होतं की पोराने गाडी एटापल्लीला बाजारात उभी केली आणि पेटी घेऊन निघून गेला. मग तिचं हँडल चढावर दगडांत कसं? पळून जाणारा माणूस गाडी सोडतो. हँडल काढून अर्ध्या चढावर ठेवून जात नाही.

आता शंभरचं. त्या गाडीची छोटी टाकी मागच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाच्या ओढीने खेचून घेते. चढावर पाय दाबून ठेवला की ओढ मरते आणि टाकी कोरडी पडते. पाय उचलून इंजिन हळू चालू ठेवलं की ती भरते. हे पुष्कळ मिस्तरी सांगतील. पण तीस मोजले तरी पुरतं. मी सगळ्यांना तीसच सांगतो. बाबू फार घाईचा होता, तीस म्हटलं की दहावर मारायचा, म्हणून त्याला एकट्याला मी शंभर सांगितले होते. "पाय उचल, शंभर मोज, मग मार." दुसऱ्या कुणालाही कधी सांगितलं नाही.

म्हणून विचारतो, आणि तुला अल्लाची शपथ आहे, खरं सांग. तुला कुणी सांगितलं?

ठेकेदार मरून तीन वर्षं झाली. दावा कुणावर करायचा नाही. अम्मीला अजून काही बोललो नाही.

नूर


आलापल्ली, गुरुवार, २७ डिसेंबर

माझ्या नूर,

मी तुझ्याशी खोटं बोललो. आधी ते सांगतो, मग बाकीचं.

मला काही सुचलं नव्हतं. गाडी गुदमरली तेव्हा मी घाबरून पाय आणखी दाबत होतो. लटारू उतरून ढिगाशी गेला होता, मला तो समोर दिसत होता. तेवढ्यात मागच्या सीटच्या स्प्रिंगा दबल्या. कुणी सवयीने येऊन बसावं तशा. गाडी एका बाजूला किंचित कलली. आणि माझ्या कानाच्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी म्हणालं, "पाय उचल ना, भाऊ. शंभर मोज. मंग मार." आवाज तरुण होता, थोडा चिडवल्यासारखा. मी मागे पाहिलं नाही. मी मोजत गेलो, आणि नूर, माझ्याबरोबर तोही मोजत होता. चढ संपला तेव्हा सीट पुन्हा वर आली.

परत येताना म्हणूनच थांबलो नाही. उशीर वगैरे काही झाला नव्हता. तुला लिहायची लाज वाटली, म्हणून स्वतःची फुशारकी मारली. तुझ्या भावाच्या शब्दांवर मी शहाणा झालो, याचं मला फार वाईट वाटतंय.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लटारूला घेऊन त्या टोल्यावर गेलो. तिथे झिंगू नावाचा म्हातारा आहे. आधी तो काही बोलेना. लटारूने समजावलं की हा पोलिसांचा माणूस नाही, त्या ड्रायव्हरच्या भावाचा दोस्त आहे. तेव्हा तो सांगू लागला. लटारूने सांगितलं तसं लिहितो.

आठ हिवाळ्यांपूर्वी, दिवेलागणीला, झिंगू चढाखालच्या शेतात मचाणावर राखणीला होता. मोटार अर्ध्या चढावर बंद पडली. शेठ आत बसून होता, मांडीवर पेटी धरून. ड्रायव्हर पेट्रोलचा डबा आणि हँडल घेऊन उतरला. टाकीत ओतलं. हँडल लावायला पुढे वाकला तेव्हा वरच्या कडेच्या झुडपातून वाघ आला. एकदाच ओरडला पोरगा. झिंगूने मचाणावरून हाळ्या दिल्या, डबा बडवला. शेठ उतरला नाही. त्याने ब्रेक सोडला आणि गाडी मागच्या मागे उतारावरून घरंगळत नेली. दिवे चालूच होते. झिंगू म्हणाला, "दिवे वरतं पाहात पाहात खाली गेले."

सकाळी टोल्यावरचे लोक गेले. जे सापडलं ते त्यांनी तिथेच पुरलं, वर हँडल रोवलं. वाघाने नेलेल्या माणसाच्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने दगड किंवा फांदी ठेवायची ही त्यांची रीत. पोलिसांच्या भीतीने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं, मग मोटारवाले का ठेवतात? झिंगू म्हणाला, "आमाले त्याचं नाव मालूम नोहतं. नाव नसलं का माणूस रस्त्यावरच राह्यते. मोटारीचा होता, म्हून मोटारवाल्याइले सांगितलं, तुमचा माणूस हाय, काई ठेवत जा."

पेटी शेठच्या मांडीवर होती, नूर. मी तीनदा विचारून घेतलं.

आता तू सांगशील ते करतो. गाडी नको म्हणालास तर पुन्हा तिचं नाव काढणार नाही.

गुणवंत

ता.क. नूरभाऊ, नमस्कार. मी वच्छला. तुमचं पत्र माझ्याच हाती आलं आणि मी ते फोडलं, त्याचा राग धरू नका. आश्रमशाळेत गोवर नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यांनी नेलेल्या माझ्या शालीला पेट्रोलचा वास येत होता. ते जाऊ द्या. अम्मींना घेऊन संक्रांतीच्या आत या. आमच्याकडेच उतरायचं, रजया आहेत. यांनी महिनाभर खोटं बोलून गाडी चालवली, आता एकदा खऱ्या कामासाठी चालवतील. बापूजींकडे मी निरोप पाठवला आहे.


चांदा, रविवार, २० जानेवारी १९५७

गुणवंता, सलाम. वच्छलावहिनींनाही सलाम.

नीट पोचलो. अम्मीला खोकला आहे, बाकी बरी आहे. तू पुढे बसून गाडी चालवत होतास म्हणून तुला काही गोष्टी दिसल्या नाहीत, त्या लिहितो.

जाताना अम्मी मागच्या सीटवर एका कडेला सरकून बसली होती. मी म्हटलं, मधे बस, झटके लागतील. तिने ऐकलं नाही. ढिगाशी मी फातेहा पढलो, ती नुसती उभी होती. मग झिंगूजवळ गेली आणि त्याला आपल्या पोराचं नाव सांगितलं. तुला आठवतं, झिंगू ढिगाकडे वळून ते नाव तीनदा मोठ्याने बोलला. मी हँडल उपटायला पुढे झालो तेव्हा तिने माझा हात धरला. "रहने दे. उसको लगेगा," म्हणाली.

परत निघताना तिने आपल्या रजईचं अर्धं टोक रिकाम्या बाजूला पसरलं. खाली काही असल्यासारखं नीट खोचलं. म्हणाली, "ठंड है." मी तिच्या पायाशी सामानावर बसलो होतो. दुसऱ्या चढावर गाडी गुदमरली आणि तू पाय उचललास. तू मनात मोजत होतास. अम्मी ओठांत मोजत होती. शंभरला तिने रजईवर हात थोपटला आणि म्हणाली, "चल बेटा." तू मारलीस. मी तोंड फिरवून रडलो.

इथे आल्यावर तिने मोहल्ल्यातल्या एकेका दारात जाऊन सांगितलं, माझा पोरगा चोर नव्हता. कुणी चहा दिला, कुणी मान खाली घातली. त्या रात्री मी अंगणात हात धुत होतो तेव्हा आतून आवाज आला. अम्मीने दाराला कडी लावली होती. मी बाहेरच राहिलो होतो. दार ठोठावलं तेव्हा तिला हसू आलं. आठ वर्षांनी.

गाडी घे. रंग पाहिजे तो दे, हुड नवा कर. मागची सीट बदलू नको. ठिगळ गळायला लागलं तर इकडे आण, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको. आणि सीटवरची कोंबडी गाडीबरोबर आली तर बापूजींना परत कर, वहिनींना अंडी फुकट मिळतात म्हणून ती ठेवून घेऊ नकोस.

एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. तो ढीग मी नीट पाहिला. त्यावरचे अर्धे प्लग माझ्या दुकानातले आहेत. मी ओळखतो. पाच-सहा वर्षं मी हसत हसत माझ्याच भावाच्या कबरीवर दगड पाठवत होतो, आणि तेही भंगारातले, काळे पडलेले. बाबूला घाणेरडा प्लग मुळीच चालत नसे. दुसऱ्याच्या गाडीतला असला तरी काढून घासायचा.

काल सकाळी एटापल्लीला जाणारा एक ड्रायव्हर आला. नेहमीसारखा भंगाराच्या डब्यात हात घालायला लागला. मी डबा बाजूला घेतला. एक चांगला प्लग काढला, पेट्रोलने धुतला, घासला, गॅप पाहिली आणि त्याच्या हातावर ठेवला.

नूर मोहम्मद